जाहिरातीत पंधराशे, नकाशात हजार ऐंशी: ठाण्यातल्या एका लॉफ्टचं प्रकरण

ठाण्यात जांभळी नाक्याच्या मागे, तलावपाळीपासून चालत पाच-सात मिनिटांवर एक जुनं गोदाम आहे. खाली तीन दुकानं, वर एकच लांबलचक मजला आणि त्यावर उतरतं मंगलोरी कौलांचं छप्पर. एके काळी त्या मजल्यावर धान्याची पोती चढवत. दर्शनी त्रिकोणी भिंतीतून बाहेर आलेली तुळई आणि तिला लटकणारी लोखंडी कप्पी अजून जागेवर आहे. काही वर्षांपूर्वी एका गुंतवणूकदाराने भागीदाराबरोबर ही इमारत घेतली, वरच्या मजल्याचे चार भाग पाडले, प्रत्येकात पोटमाळा टाकला आणि चार आलिशान ‘ड्युप्लेक्स लॉफ्ट’ विकायला काढले. तीन गेले. कप्पीच्या बाजूचा, म्हणजे चौघांत देखणा, तेवढा उरला होता. मागणी ३ कोटी ६० लाखांची.

मी मालमत्तांचं मूल्यांकन करतो. हे काम माझ्याकडे आलं ते घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका जोडप्याकडून. ती दंतवैद्य, माहेर नौपाड्यातलं. तो ऐरोलीला सॉफ्टवेअरमध्ये. टॉवरमधलं दोन बेडरूमचं घर विकून त्यांना गावात परत यायचं होतं, तिच्या आईवडिलांना सोबत घेऊन. विकणारा अकरा लाखांचा विसार मागत होता आणि विसार पावतीत ‘व्यवहार रद्द झाल्यास रक्कम परत मिळणार नाही’ असं स्वच्छ लिहिलेलं. सुदैवाने तिचे वडील बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी पावती बाजूला ठेवली आणि आधी कागद दाखवून घेऊ म्हणाले. ओळख पटेल असे तपशील बदलून हे प्रकरण लिहितो आहे.

घर पहिल्या नजरेत भुरळ पाडणारंच आहे, हे आधीच सांगून टाकतो. जिना चढून दार उघडलं की समोर अठरा-वीस फूट उंच दिवाणखाना, चुन्याची भिंत मुद्दाम खरवडून उघडी ठेवलेली वीट, वर सागवानी वासे, एका बाजूला काळ्या लोखंडाचा जिना. दुपारी कप्पीजवळच्या खिडकीतून ऊन आत येतं तेव्हा फोटो काढायचा मोह होतो, आणि जाहिरातीतले सगळे फोटो त्याच वेळचे होते.

वय

जाहिरातीत ‘पहिल्या रेल्वेच्या काळातली वास्तू’ असं लिहिलं होतं. ठाण्यात हे वाक्य खपतं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ३४ किलोमीटर धावून इथेच थांबली, आणि तेव्हापासून स्टेशनच्या आसपास जाड भिंतींचं जे काही उभं आहे ते रेल्वेइतकंच जुनं, असं सांगायची गावाला सवय आहे. पण इमारतीचा जन्मदाखला बहुतेक वेळा तिच्याच अंगावर असतो. इथे वरच्या मजल्याची जमीन जॅक आर्चची आहे: ओळीने लोखंडी गर्डर आणि दोन गर्डरांच्या मध्ये विटांची बसकी कमान. खालच्या दुकानात स्टुलावर चढून एका गर्डरच्या पोटावरचा रंग खरवडला तेव्हा आतली उठावाची अक्षरं लागली. टॉर्च तिरका धरल्यावर वाचता आली: डॉर्मन लाँग, मिडल्सब्रो, इंग्लंड. ही कंपनी स्थापन झाली १८७५ साली. कौलांचीही तीच गोष्ट. बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये. कौलं पुढे कधीही बदलली गेली असतील, तेव्हा त्यांच्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. गर्डरांचं तसं नाही. ते मागाहून घालायचे तर सगळा मजलाच उतरवावा लागतो. म्हणजे १८५३ बाद. सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावरची पहिली नोंदही विसाव्या शतकातलीच निघाली. वय शंभरीच्या आगेमागे धरायला हरकत नाही.

“सर, शंभर काय नि पावणेदोनशे काय, जुनं ते जुनंच ना?” नवऱ्याने विचारलं. खरं आहे, राहायला काही फरक पडत नाही. पण वयाचे वेगळे पैसे मागितले असतील तर पडतो.

त्याहून मोठा फरक ‘हेरिटेज’ या शब्दाने पडतो. इमारत जुनी असणं वेगळं आणि ती नियोजन प्राधिकरणाच्या वारसा यादीत श्रेणीसह नोंदलेली असणं वेगळं. मुंबईत १९९५ च्या नियमावलीपासून श्रेणी एक, दोन, तीन ही भाषा रुळली, आणि तिथे अशा इमारतीला हात लावायचा तर समितीचा सल्ला घ्यावा लागतो. आपल्या गोदामाबद्दल महापालिकेच्या शहर विकास विभागाकडे लेखी विचारणा केली. यादीत नाव नाही, असं उत्तर आलं. जोडप्याला आधी हायसं वाटलं: चला, खिडकी बदलायलाही परवानगी नको! पण याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. यादीत नाही म्हणजे संरक्षणही नाही. उद्या बाकीच्या मालकांनी पुनर्विकास करायचा ठरवला तर कप्पी, वासे, वीट यांच्यासाठी मोजलेला प्रत्येक रुपया मातीत जातो आणि हाती राहतं ते मंजूर क्षेत्र आणि जमिनीतला हिस्सा. कराराच्या मसुद्यात जमिनीबद्दल नुसतं ‘प्रमाणशीर अविभक्त हिस्सा’ एवढंच होतं. किती टक्के, ते नाही. जुनी इमारत घेताना हा आकडा कोरा सोडणं म्हणजे चेकवर रक्कम न लिहिता सही करण्यासारखं आहे.

फूट

आता खरा मुद्दा. जाहिरातीत क्षेत्र १,५०० चौरस फूट. ३ कोटी ६० लाखांना भागलं की फुटाला २४,००० पडतात, आणि परिसरातल्या नोंदलेल्या व्यवहारांवरून चटई क्षेत्राला (कार्पेट एरियाला) मीही साधारण तेवढाच दर धरला असता. ग्राहक इथेच फसतात. दर ओळखीचा वाटला की फूट कोणी मोजत नाही.

मोजले. खालचा मजला आतून आत ८१० चौरस फूट, म्हणजे ७५ चौरस मीटरच्या किंचित वर. वरचा पोटमाळा ५४०. उरलेले १५० जिन्यासमोरच्या सामायिक गच्चीवजा सज्जातले, जिथे चारही घरांच्या चपला असतात. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या, कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या केलेली आहे: सदनिकेचं निव्वळ वापराचं क्षेत्र, आतल्या विभाजक भिंती धरून. बाहेरच्या भिंती, सेवांच्या पोकळ्या, खाजगी बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यात येत नाहीत. सामायिक सज्जा तर कुठल्याच हिशेबात बसत नाही. दीडशे तिथेच गेले.

पोटमाळ्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. छप्पर उतरतं असल्याने बाजूच्या भिंतीपाशी वरच्या मजल्याची उंची जेमतेम सव्वाचार फूट भरते आणि आढ्याखाली बारा. भिंतीलगतचा साडेचार फुटांचा पट्टा, मोजून सुमारे १३५ चौरस फूट, असा आहे की तिथे मोठ्या माणसाला ताठ उभं राहता येत नाही. सजावटकाराने तिथे ठेंगणी कपाटं आणि गाद्या टाकून तो लपवला होता, आणि लपवला होता छान, याबद्दल त्याला दाद द्यायला हवी. पण कपाटाची जागा बेडरूमच्या भावाने घ्यायची का, हा प्रश्न उरतोच.

मग मंजूर नकाशा मागवला. विकणारा म्हणत होता ‘देतो, देतो’, शेवटी आम्ही महापालिकेतूनच प्रत काढली. नकाशात पोटमाळा आहे, वापर बदलून निवासी करायची परवानगी आहे, राहायला मुभा देणारं भोगवटा प्रमाणपत्रही आहे. फक्त पोटमाळा ५४० चा नाही, २७० चा आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर दिवाणखान्याच्या वरची मोकळी जागा अर्धी भरून काढली होती. म्हणजे त्या वरच्या दोन बेडरूमपैकी एक पूर्णपणे कागदाबाहेर. जाहिरातीतल्या पंधराशेपैकी कागदावर हजार ऐंशी.

रेराचा नोंदणी क्रमांक का नाही, असं तिच्या वडिलांनी विचारलं. त्याचं उत्तर सरळ आहे: जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर प्रकल्पाची नोंदणी बंधनकारक नाही. इथे चार घरं आणि तीन दुकानं, सातच. त्यात लबाडी काही नव्हती. तोटा एवढाच की महारेराच्या संकेतस्थळावर नकाशा, क्षेत्र, मंजुरी घरबसल्या बघायला मिळतात, ती सोय अशा छोट्या प्रकल्पांना नसते. मग चपला झिजवाव्या लागतात.

कमानीच्या माथ्यावर दोन खांब

कागदाबाहेरचं बांधकाम ठाण्यात नवल नाही, आणि तेवढ्यावर मी कोणाला घर घेऊ नका म्हणत नाही. दंड भरून, नियमात बसवून बऱ्याच गोष्टी मार्गी लागतात. पण हे बांधकाम कशावर उभं आहे ते बघायला हवं होतं. म्हणून संरचना अभियंत्याला बोलावलं.

मंजूर अर्ध्या पोटमाळ्याचे लोखंडी खांब नीट आहेत. ते खालच्या दुकानातल्या ओतीव खांबांच्या बरोबर माथ्यावर येतात, भार सरळ जमिनीत जातो. वाढीव अर्ध्याचे दोन खांब मात्र सोफ्याच्या मांडणीत अडचण नको म्हणून सरकवले होते, आणि सरकवून ते टेकवले कुठे? दोन गर्डरांच्या मधोमध, विटांच्या कमानीच्या माथ्यावर. वरून गुळगुळीत इटालियन मार्बल, त्यामुळे दिसायला काहीच नाही.

विकणाऱ्याचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता. “अहो, इथे पोत्यांच्या थप्प्या लागायच्या. त्यापुढे तुमच्या पलंगाचं वजन ते काय?” बोलण्यात तथ्य आहे. घरासाठी भारतीय मानकाप्रमाणे मजल्यावर चौरस मीटरला २०० किलो भार धरतात, गोदामाला त्याच्या कितीतरी पट. शंभर वर्षं पोती वाहिलेली जमीन घराच्या भाराने दबणार नाही. पण पोती पसरलेली असतात. कमान पसरलेला भार दोन्हीकडच्या गर्डरांवर वाटून देते. एका वितीएवढ्या पत्र्यावर उभा राहिलेला खांब तो भार एका जागी टोचतो. आणि या कमानींत सिमेंट नाही, चुना आहे.

खात्री खालून झाली. खांबांच्या बरोबर खाली एक भांड्यांचं दुकान आहे, पागडीवर, म्हणजे जुन्या भाडेपद्धतीने घेतलेलं, तीन पिढ्यांचं. मालकांना विचारलं, वरून काही गळतं का, पावसाळ्यात ओल येते का. ते पितळी डबा पुसत होते. मान वर न करता म्हणाले, “पावसाळ्यात काही नाही हो. वर पाहुणे आले की चुना पडतो.” वर बघितलं. दोन गर्डरांच्या मध्ये, कमानीच्या मध्यरेषेवर, पांढऱ्या रंगात केसासारखी बारीक चीर जवळजवळ हातभर गेलेली. अभियंत्याने तिच्यावर आडव्या पेन्सिलीच्या खुणा केल्या, तारीख टाकली. तीन आठवड्यांनी बघितलं तेव्हा चीर शेवटच्या खुणेपलीकडे गेली होती.

राज्याच्या महापालिका कायद्यात तीस वर्षांवरच्या इमारतींना संरचनात्मक स्थैर्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. विकणाऱ्याकडे ते होतं. पण त्यावरची तारीख वाढीव पोटमाळ्याच्या आधीची. म्हणजे ते प्रमाणपत्र आज उभ्या असलेल्या इमारतीचं नव्हतंच. ठाण्यात हा विषय हसण्यावारी नेता येत नाही. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे राहून दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. २०१५ च्या ऑगस्टमध्ये नौपाड्यात जुनी इमारत कोसळून माणसं गेली, ती जागा तिच्या माहेरापासून फार लांब नाही. तिने ही आठवण स्वतःहून काढली. त्यानंतर बैठकीतला सूर बदलला.

छप्पर

छपराबद्दल पहिला प्रश्न तिच्या वडिलांचा: “कौलं कोण शाकारणार?” साधा प्रश्न. पण चार मालकांच्या करारांत कुठेही त्याचं उत्तर नव्हतं. छपराखाली चार घरं, त्या घरांखाली तीन दुकानं. छपराने सगळी इमारत वाचते, गळतं मात्र वरच्यांच्या डोक्यावर.

छताला आतून प्लायवूडचं आच्छादन होतं, वर उष्णतारोधक थर. उन्हाळ्यासाठी ते बरोबरच आहे, कौलाखालचा माळा मे महिन्यात बघितलेल्या कोणालाही पटेल. पण त्यामुळे वाशांची भिंतीत टेकणारी टोकं दिसत नव्हती, आणि कौलारू छपरात आजार नेहमी तिथूनच सुरू होतो. पन्हाळ तुंबली की पाणी भिंतीत झिरपतं, वाशाचं टोक ओलं राहतं, वाळवी लागते. विकणारा आच्छादन उघडू देईना. “पॉलिश खराब होईल.” कुठेतरी पाणी मुरत होतं, शब्दशः. अखेर दोन फळ्या काढू दिल्या. पहिलं टोक ठणठणीत. दुसऱ्यात अभियंत्याने स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवून दाबला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा टोकाला ओलसर भुसा चिकटलेला.

भर म्हणजे उजेडासाठी छपरात दोन मोठ्या काचेच्या खिडक्या कापून बसवल्या होत्या. जुन्या लोकांनी हेच काम चार काचेची कौलं घालून केलं असतं, ती बाकीच्या कौलांसारखी एकमेकांवर चढतात आणि पाणी सरळ वाहून जातं. मोठी खिडकी कापली की तिच्या वरच्या कडेला पाणी अडतं, तिथे शिशाचा किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा कौलांच्या खाली नीट सरकवावा लागतो. इथे सिलिकॉन फासलं होतं. दोन पावसाळे काढील फार तर. पूर्ण छपराच्या दुरुस्तीचा अंदाज २२ लाखांचा आला. शेवटचा लॉफ्ट घेणाऱ्याच्या वाट्याला त्यातले किती, हे ठरवायला कोणीच तयार नव्हतं.

बँकेचा आकडा

माझ्या अहवालातला हिशेब थोडक्यात असा. मंजूर चटई क्षेत्र ८१० फूट, २४,००० दराने १ कोटी ९४ लाख ४० हजार. मंजूर पोटमाळा २७० फूट, निम्म्या दराने, कारण त्याचा एक भाग कमी उंचीचा आहे आणि तो स्वतंत्र मजला नाही: ३२ लाख ४० हजार. वाढीव २७० फुटांचे शून्य. सामायिक सज्जाचे शून्य. एकूण २ कोटी २६ लाख ८० हजार. पोटमाळ्याला निम्मा दर का, पाऊणपट का नाही, यावर दोन मूल्यांकनकारांत वाद होऊ शकतो. वाढीव भागाच्या शून्यावर होऊ नये. जे महापालिका उद्या काढायला सांगू शकते, त्याच्यावर बँक कर्ज देत नाही.

आता यातून काय होतं ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ७५ लाखांवरच्या गृहकर्जात मालमत्तेच्या मूल्याच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं. जोडप्याने ३ कोटी ६० लाखांवर हिशेब मांडला होता: कर्ज २ कोटी ७० लाख, पदरचे ९० लाख. बँक मात्र कमी असलेलं मूल्य धरणार. २ कोटी २६ लाख ८० हजारांचे ७५ टक्के म्हणजे १ कोटी ७० लाख १० हजार. मागणीच्या भावाने घेतलं असतं तर पदरचे लागले असते जवळजवळ १ कोटी ९० लाख, वर मुद्रांक शुल्क. अकरा लाख विसार देऊन मग हे कळलं असतं तर ते अकरा लाखही गेले असते.

मुद्रांकाबाबत विकणाऱ्याकडे एक ‘सोय’ होती. ठाणे शहरात सध्या मेट्रो अधिभार धरून सात टक्के पडतात, खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट, नोंदणी फी कमाल ३० हजार. तो म्हणाला, करार तीन कोटींचा करू, उरलेल्या साठ लाखांचा फर्निचरचा वेगळा करार, तुमचे सव्वाचार लाख वाचतील. हा प्रकार सर्रास चालतो. तिचे वडील ताडकन म्हणाले, “साठ लाखांचं फर्निचर? खुर्च्या सोन्याच्या आहेत का?” विषय तिथेच संपला. माझं मतही तेच. चार लाख वाचवण्यासाठी साठ लाखांना घराच्या किमतीतून बाहेर काढलं की पुढे घर विकताना तेवढाच नफा फुगून दिसतो आणि त्यावर कर भरावा लागतो. शिवाय घर कागदावर स्वस्तात विकलं, असं दाखवण्यात फायदा विकणाऱ्याचाच जास्त असतो.

आणखी एक बारीकशी गाठ निघाली. मालमत्ता कराच्या उताऱ्यावर या घराचा वापर अजून ‘गोदाम’च. नकाशात निवासी, भोगवट्यात निवासी, करात गोदाम. हे कोणी मुद्दाम केलं नव्हतं, अर्जच झाला नव्हता. पण बँकेने पहिला हप्ता सोडायच्या आधी उतारा दुरुस्त करून आणायची अट घातली.

तडजोड

अहवाल हाती पडल्यावर हा व्यवहार मोडेल असं मला वाटलं होतं. मोडला नाही, कारण विकणाऱ्यालाही पर्याय नव्हता. जो कोणी कर्ज काढून घेणार, त्याच्या बँकेचा मूल्यांकनकार हेच मोजणार, आणि सगळे पैसे रोख मोजणारा गिऱ्हाईक बरेच महिने फिरकला नव्हता.

वाटाघाटी मुख्यतः तिने केल्या. तिची पहिली अट किमतीची नव्हतीच. वाढीव पोटमाळा काढायचा, दोन्ही खांब काढायचे, कमान दुरुस्त करून अभियंत्याचं नवं प्रमाणपत्र आणायचं, मग बोलू. नवरा नाराज. काढलेल्या भागात त्याची ऑफिसची खोली होणार होती, आणि घरून काम करणाऱ्याला दाराची खोली नसेल तर काय हाल होतात हे त्याने मला सविस्तर सांगितलं. त्याचं म्हणणं होतं की खांब योग्य जागी हलवून, वाढीव भाग नियमित करायचा प्रयत्न करावा. तांत्रिकदृष्ट्या शक्य होतं. पण त्यासाठी बाकीच्या मालकांची संमती, सुधारित नकाशा, महिनोन्‌महिने वाट आणि शेवटी नकार आला तर पुन्हा पाडकाम. मी तिच्या बाजूने होतो.

लोखंड कापून काढलं तेव्हा दिवाणखान्याची पूर्ण उंची मोकळी झाली. पोटमाळा आता आधीच्या निम्मा आणि घर दुपटीने चांगलं दिसतं, हे विकणाऱ्यालाही मान्य करावं लागलं. आईवडिलांची खोली खालच्या मजल्यावर, म्हणजे आईच्या गुडघ्यांना लोखंडी जिना नाही. इमारतीचा मुख्य जिना मात्र आहेच. लिफ्ट नाही आणि होण्यासारखी जागाही नाही.

किंमत २ कोटी ५५ लाखांवर ठरली. माझ्या आकड्यापेक्षा २८ लाख जास्त. कप्पी, वासे, ती अठरा-वीस फुटांची उंची यांचे ते पैसे, असं मी त्यांना सांगितलं: हे तुमच्या आवडीचे आहेत, बँक त्यांचं काही देणार नाही, आणि विकताना पुढचा गिऱ्हाईक तेवढाच शौकीन भेटेल असं धरून चालू नका. त्यांनी विचार करून होकार दिला. खरेदी तिच्या एकटीच्या नावावर, कर्जात दोघं. पदरचे सुमारे ८५ लाख, मुद्रांकाचे १५ लाख ३० हजार, नोंदणीचे ३० हजार. कोटीच्या थोडं वर गेलं. टॉवरमधलं घर विकून ते बसलं.

करारात जमिनीचा हिस्सा टक्क्यात लिहून घेतला. कुजलेली वाशांची टोकं खरेदीखताआधी विकणाऱ्याने आपल्या खर्चाने बदलली: कुजका भाग कापून सागवानी जोड, बोल्टने पकडलेला. खिडक्यांभोवतीचं सिलिकॉन काढून पत्रा बसला. उरलेल्या छपराच्या खर्चासाठी सातही मिळकतींमध्ये वेगळा करारनामा करायचा ठरला. आढं, वासे, रिपा, कौलं आणि पन्हाळ यांचा खर्च चटई क्षेत्राच्या प्रमाणात सगळ्यांवर, आतलं आच्छादन आणि काचेच्या खिडक्या ज्याच्या त्याच्यावर. पागडीवरच्या दुकानांचा वाटा त्यांच्या मालकाने भरायचा, आणि तो मालक म्हणजे विकणाऱ्याचाच भागीदार. छपराचा विषय इतकी वर्षं कोणी काढला का नव्हता, ते इथे कळलं. तो शेवटपर्यंत कुरकुरला, पण सही केली.

अभियंत्याच्या अहवालात शेवटी एक परिच्छेद होता जो कोणी मागितला नव्हता. उरलेल्या तिन्ही लॉफ्टमध्येही वाढीव पोटमाळा आहे, आणि खालून जेवढं दिसतं त्यावरून त्यांचे खांबही कमानींवरच आहेत. तिने तो परिच्छेद तिन्ही शेजाऱ्यांना पाठवला, राहायला जायच्या आधीच. नवऱ्याला हे आवडलं नाही, नवीन शेजार असा सुरू करायचा का म्हणून. एकाने लगेच स्वतःचा अभियंता बोलावून खांब हलवायचं काम काढलं. दुसऱ्याने लेखी अहवाल मागवून घेतला आणि पावसाळ्यानंतर बघू म्हणाला. तिसरा फोन उचलत नाही. छपराच्या करारनाम्यावर त्याच्याच सहीची जागा अजून रिकामी आहे.